दोन नर, एक पिंजरा

गिनी पिग हा उंदीर-खारींच्या गणातला, गवतावर जगणारा आणि कळपाने राहणारा प्राणी आहे. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात माणसाने त्याला काही हजार वर्षांपूर्वी माणसाळवले आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांतून तो युरोपात पोहोचला. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन साधारण 900 ते 1200 ग्रॅम भरते आणि नीट सांभाळ झाला तर तो 5 ते 8 वर्षे जगतो. त्याला एकटे राहणे मानवत नाही. माणसाने कितीही लाड केले तरी आपल्या जातीच्या सोबतीची भूक त्याने भागत नाही. स्वित्झर्लंडमध्ये 2008 पासून गिनी पिग एकटा ठेवायला कायद्यानेच मनाई आहे. आपल्याकडे तसा कायदा नाही, पण प्राण्याची गरज देशागणिक बदलत नाही.

तेव्हा पाळायचे तर किमान दोन पाळावेत. नर आणि मादी एकत्र ठेवले की दोन-सव्वादोन महिन्यांत पिल्ले होतात आणि व्यायल्यानंतर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. चाळीतल्या खोलीत हे गणित हाताबाहेर जायला वर्षही लागत नाही. त्यामुळे दोन माद्या किंवा दोन नर हेच पर्याय उरतात. दोन नर कधीच एकत्र राहू शकत नाहीत, असा समज सर्रास आढळतो, पण तो खरा नाही. जागा पुरेशी असेल, आसपास मादी नसेल आणि पाळणाऱ्याला त्यांचे पहिले वर्ष समजून घ्यायची तयारी असेल, तर दोन नरांची जोडी जन्मभर टिकते.

मुंबईला हा प्राणी नवा नाही. प्लेगच्या काळात परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, गिनी पिग मोठ्या संख्येने होते. 1903 साली राणीच्या बागेतले गिनी पिग प्लेगने मेले, तेव्हा प्लेग-संशोधक डब्ल्यू. जी. लिस्टन यांना त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा सापडल्या. पुढे प्लेग झालेल्या घरांत गिनी पिग सोडून त्या पिसवा गोळा करण्याचे प्रयोग झाले. पिसवांच्या उडीच्या टप्प्याबाहेर, उंचावर टांगलेल्या पिंजऱ्यांतले प्राणी वाचले आणि जमिनीलगतचे आजारी पडले. प्लेग उंदरांवरून माणसांपर्यंत पिसवांमार्फत येतो, हे ठरवण्यात या मुक्या जिवांचा मोठा वाटा आहे. या शहरावर त्यांचे ऋण आहे, असे म्हणायला हरकत नाही.

जोडी निवडताना दोन सख्खे भाऊ, किंवा एक मोठा आणि एक लहान असे नर घ्यावेत. तीन नर एकत्र ठेवू नयेत. तिघांत दोघे एक होतात आणि तिसऱ्याची फरपट होते. पिल्लू तीन आठवड्यांचे झाले की आईचे दूध सुटते आणि नर पिल्लांना त्याच सुमारास आईपासून व बहिणींपासून वेगळे करावे लागते, कारण त्यानंतर ती लवकरच प्रजननक्षम होतात. हे वेळेवर झालेले असेलच याची खात्री बाजारात मिळत नाही. क्रॉफर्ड मार्केटसारख्या बाजारात बरीच पिल्ले एकाच पिंजऱ्यात दिसतात आणि ‘दोन्ही मेल आहेत’ हे वाक्य सहज ऐकायला मिळते. 2018 च्या केंद्रीय नियमांनुसार प्राणीविक्रीच्या दुकानाला राज्याच्या पशुकल्याण मंडळाची नोंदणी लागते, ती विचारावी. नराची खूण अशी, की जननेंद्रियाच्या वरच्या बाजूला अगदी हलके दाबले तर गोल टिंबासारखा भाग पुढे येतो. मादीला तिथे इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी फट दिसते. पिल्लांत हा फरक सूक्ष्म असतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात पशुवैद्याकडून तपासून घेणे चांगले.

आता जागेचा प्रश्न. खरी अडचण इथेच आहे. दोन नरांना साधारण 10 चौरस फूट सपाट जागा लागते, म्हणजे पाच फूट लांब आणि दोन फूट रुंद. गिरगावच्या फणसवाडीतल्या जुन्या चाळीतली खोली दहा बाय बारा धरली, तर तिचा बारावा हिस्सा यात जातो. बाजारात मिळणारा दीड-दोन फुटांचा रंगीत पिंजरा दोन वाढत्या नरांना कोंडवाडाच आहे. त्यात त्यांची भांडणे अटळ असतात आणि मग दोष नरांच्या स्वभावाला दिला जातो. मजल्यांचा पिंजराही उपयोगाचा नाही. गिनी पिगला चढण्या-उतरण्याचे अंग नाही, पडला तर पाय मोडतो. लोखंडी जाळीच्या चौकटी जोडून जमिनीवर केलेले कुंपण सर्वांत सोयीचे आणि स्वस्त पडते. तळाला जाळी मात्र नको, तळपायाला जखमा होऊन त्या चिघळतात.

पिंजरा कुठे ठेवायचा, हेही विचारपूर्वक ठरवावे लागते. पोटमाळ्यावर छपराची उष्णता साठते. पलंगाखाली हवा खेळत नाही. गॅलरीत ऊन, पावसाची झड, मांजर, कावळे आणि घुशी असा सगळा धोका आहे. स्वयंपाकाच्या ओट्याजवळ फोडणीचा ठसका त्यांच्या नाजूक फुप्फुसांना सोसत नाही. देव्हाऱ्यातल्या उदबत्तीच्या आणि धुपाच्या धुराचेही तेच. खोलीच्या आतल्या बाजूची, थेट ऊन न येणारी भिंत सर्वांत चांगली. रात्री वरून जाळीचे झाकण हवेच. जुन्या चाळींत उंदरांचा वावर असतो आणि त्यांच्या मुताने दूषित झालेले खाणे-पाणी लेप्टोस्पायरोसिससारखे रोग पसरवते.

पिंजऱ्यातली प्रत्येक वस्तू दोन-दोन ठेवावी. पाण्याच्या बाटल्या दोन, गवताचे ढीग दोन, लपायची घरे दोन. प्रत्येक घराला दोन दारे हवीत, म्हणजे एकाने वाट अडवली तरी दुसऱ्याला निसटता येते. पुठ्ठ्याचा खोका दोन्ही बाजूंनी कापला तरी काम भागते. खाली वर्तमानपत्राचे जाड थर आणि त्यावर फ्लीसचे कापड किंवा जुनी सुती चादर घालावी, पण सुटे धागे कापून टाकावेत. धागा पायात गुंतून आवळला तर पाय जातो. ओला भाग रोज काढावा, सगळे अंथरूण तीन-चार दिवसांनी बदलावे. फिरते चाक आणि प्लास्टिकचा गोळा यांनी पाठीच्या कण्याला इजा होते, ती खेळणी आणूच नयेत.

तीन महिन्यांचे झाले की दोन्ही नर बदलू लागतात. कालपर्यंत अंगाला अंग लावून झोपणारी पिल्ले एकमेकांभोवती घुरघुरत, मागचा भाग डोलवत फिरतात, एकमेकांवर चढतात, डोके उंच धरून कोण मोठा ते ठरवू पाहतात. हे वयात येणे आहे आणि ते वर्ष-सव्वा वर्षापर्यंत चालते. या काळात बहुतेक जोड्या उगाच मोडल्या जातात. घुरघुरणे, पाठलाग, चढणे, ढुसण्या देणे हा सगळा अधिकार ठरवण्याचा व्यवहार आहे, तो होऊ द्यावा. एक नर नमते घेतो, दुसरा वरचढ ठरतो आणि दोघेही निवांत होतात. प्रत्येक वेळी मध्ये पडून वेगळे केले तर हा निकाल लागतच नाही आणि तणाव लांबतो.

धोक्याची लक्षणे वेगळी आहेत. दात सतत मोठ्याने कडकडवणे, अंगावरचे केस फुगवून तोंडासमोर तोंड आणून उभे राहणे, झेप घेणे, आणि शेवटी दोघांचा एकच गोळा होऊन लोळणे. असे झाले की हात घालू नये, चावा खोल बसतो. जाड टॉवेल टाकावा किंवा केर भरायची सुपली मध्ये सरकवावी. रक्त आले असेल तर पिंजऱ्यात मधोमध जाळी लावून दोघांना वेगळे करावे, पण वास आणि आवाज पोहोचतील असेच. काही दिवसांनी, दोघांनाही अनोळखी अशा मोकळ्या जागेत, गवताचा मोठा ढीग घालून पुन्हा भेट घडवावी. पुन्हा रक्त निघाले तर जाळी कायमची ठेवावी. जाळीपलीकडचा सोबतीही सोबतीच असतो. नसबंदीने भांडणे थांबतात हा समज चुकीचा आहे. ती मादीसोबत ठेवायच्या नरासाठी करतात आणि एवढ्याशा प्राण्याला भूल देण्यात जोखीम असते. मादीचा नुसता वास आला तरी शांत जोडी बिघडते, म्हणून शेजाऱ्यांची मादी हाताळून आल्यावर हात धुऊनच पिंजऱ्याकडे जावे. दोघांपैकी एकाला डॉक्टरकडे न्यायचे असेल तर दुसऱ्यालाही बरोबर न्यावे. परक्या वासाने परतलेला भाऊ परका वाटू शकतो.

आहाराचा पाया गवत हाच आहे. गिनी पिगचे सगळे 20 दात जन्मभर वाढतात आणि गवताच्या चावण्यानेच झिजतात. त्याचे आतडेही सतत तंतुमय अन्न पुढे सरकत राहिले तरच चालते. रोजच्या खाण्यात चार पंचमांश वाटा वाळलेल्या गवताचा हवा आणि ते रात्रंदिवस समोर असावे. आयात केलेले टिमोथी गवत महाग पडते, त्याला जोड म्हणून हराळी, म्हणजेच दूर्वा, देता येते. भुलेश्वरच्या बाजारात दूर्वा बाराही महिने मिळतात. 1834 साली स्थापन झालेली मुंबई पांजरापोळ तिथेच आहे आणि त्या भागात गाईंसाठी चाऱ्याच्या पेंढ्या विकायला असतात. मात्र धूळ, कीटकनाशक आणि बुरशी यांची शंका असलेली पेंढी घेऊ नये. घेतलेले गवत दोन-तीनदा धुऊन, निथळून द्यावे. हिरव्या गवताची सवय थोडीथोडी लावावी, एकदम पोटभर दिले तर पोट फुगते. लसूणघास सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लांना चालते. पुढे तिच्यातल्या कॅल्शियममुळे मूतखडे होतात.

माणसाप्रमाणे गिनी पिगचे शरीरही क जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. 1907 साली नॉर्वेच्या अॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक यांनी गिनी पिगमध्येच स्कर्व्ही घडवून दाखवला आणि या जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट मोकळी झाली. दर किलो वजनामागे रोज 10 ते 30 मिलिग्रॅम एवढी त्यांची गरज असते, वाढत्या वयात वरच्या बाजूची. भोपळी मिरचीचा दोन बोटांएवढा तुकडा आणि मूठभर कोथिंबीर यात ती सहज भागते. आवळ्याची लहानशी फोड किंवा पेरूचा काप आठवड्यातून एक-दोनदा पुरे. पाण्यात टाकायच्या थेंबांवर विसंबू नये, उजेडात ते लवकर निकामी होतात. काकडी, मेथी, फ्लॉवरचा पाला थोडा थोडा चालतो. पालक क्वचित. कांदा, लसूण, बटाटा, दूध, पोळी, भात, बिस्किटे, फरसाण यांतले काहीही देऊ नये, मुलांनी प्रेमाने पुढे केले तरी.

मुंबईच्या हवेत सर्वांत मोठा शत्रू उकाडा. 18 ते 24 अंश तापमान त्यांना सुखाचे असते. 28-30 च्या पुढे, त्यातही दमट हवेत, उष्माघाताची भीती असते आणि एप्रिल-मेमध्ये व ऑक्टोबरमध्ये पारा त्याच्या वरच असतो. त्यांना घाम येत नाही, म्हणून नुसत्या पंख्याने अंग थंड होत नाही. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवावी, बसायला शहाबादी फरशीचा तुकडा द्यावा. प्राणी लांब पसरून धापा टाकत असेल, तोंडातून लाळ गळत असेल, तर कान आणि पाय साध्या गार पाण्याने ओले करून लगेच डॉक्टर गाठावा. बर्फाचे पाणी ओतू नये.

पावसाळ्यात गवताला बुरशी येते आणि अंथरूण सादळते. गवत कापडी पिशवीत, उंचावर, हवेशीर ठेवावे. कुबट वास आला तर सरळ फेकावे. याच दिवसांत नायटा आणि खरूज बळावतात. गोल चट्टे पडून केस झडू लागले तर मुलांनी हाताळणे थांबवावे, नायटा माणसालाही होतो. गणेशोत्सवात आणि पाडव्याच्या शोभायात्रेत गिरगावात ढोलताशांचा जो दणदणाट असतो, तो या तीक्ष्ण कानांच्या प्राण्यांना जीवघेणा वाटतो. त्या दिवसांत खिडक्या लावून, पिंजरा रस्त्यापासून दूर सरकवून, लपायला गवताचा मोठा ढीग द्यावा. दिवाळीतही तसेच.

उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली हवा. लहान मुलांनी जमिनीवर बसूनच मांडीवर घ्यावे. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहून ठेवण्याची सवय फार मोलाची आहे. आजार लपवणे हा भक्ष्य प्राण्यांचा स्वभाव, पण वजन लपत नाही. त्याच वेळी दात, नखे आणि तळपाय पाहावेत. नरांच्या पाठीच्या अगदी शेवटी असलेल्या ग्रंथीतून तेलकट स्राव येतो, तो साठला तर कोमट पाण्याने पुसावा. जननेंद्रियाभोवती केस किंवा गवताची काडी अडकलेली नाही ना, हेही बघावे. उतारवयात काही नरांच्या गुदद्वाराशी विष्ठा तुंबते, तिथे नियमित सफाई लागते.

बारा तास काही न खाणे ही तातडीची वेळ समजावी. घरातले औषध कधीही देऊ नये. अॅमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन कुळातली प्रतिजैविके पोटात गेली तर आतड्यातले उपयुक्त जिवाणू मरतात आणि गिनी पिग दगावतो. कुत्र्या-मांजरांवर उपचार करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला या प्राण्याचा अनुभव असतोच असे नाही. परळला 1886 साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय ही दोन ठिकाणे गिरगावकरांना जवळची आहेत. छोट्या प्राण्यांवर तिथे कोण उपचार करते, कोणत्या वेळी, आणि रात्री अडचण आली तर कुठे जायचे, ही चौकशी जोडी घरी आणण्याआधीच करून ठेवावी.