युक्तिदृश्ये, विद्यार्थी-लघुपटांतील
प्रत्यक्षात न घडणारी, धोक्याची वा अतिखर्चिक घटना प्रतिकृती, आरसे, रंगद्रव्ये यांसारख्या खऱ्या वस्तूंच्या साहाय्याने कॅमेऱ्यासमोरच घडवून चित्रित केलेली दृश्ये. संगणकावर मागाहून तयार केलेल्या प्रतिमा यांत मोडत नाहीत. चित्रपटातील अंतर, आकार व काल हे कॅमेऱ्याची जागा आणि चौकटींची गती यांवर अवलंबून असतात, हे विद्यार्थ्याला या दृश्यांतून जितके स्पष्ट कळते तितके व्याख्यानातून क्वचितच कळते.

चित्रण थांबवून वस्तू बदलण्याची युक्ती फ्रान्समध्ये झॉर्झ मेल्येस यांनी १८९६ पासून रूढ केली. दादासाहेब फाळके यांनी राजा हरिश्चंद्र (१९१३) या चित्रपटापूर्वी वाटाण्याच्या रोपाची वाढ ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपून दाखविली. नवशिक्याच्या या लघुपटामुळे त्यांना भांडवल मिळण्यास मदत झाली.

प्रतिकृतींच्या चित्रणात सर्वाधिक चुका कालाच्या हिशेबात होतात. १६ मी. उंच मनोऱ्यावरून दगड पडण्यास सु. १·८ सेकंद लागतात. त्याच मनोऱ्याच्या १ मी. उंचीच्या प्रतिकृतीवरून केवळ सु. ०·४५ सेकंद. त्यामुळे नेहमीच्या गतीने चित्रण केल्यास मनोरा खेळण्यासारखा भासतो. लांबीचे प्रमाण जितके पट कमी, त्याच्या वर्गमुळाइतकी चौकटींची गती वाढवावी लागते. येथे १६ चे वर्गमूळ ४. म्हणून सेकंदाला २४ ऐवजी ९६ चौकटी टिपून त्या २४ च्या गतीने दाखवितात. पाण्याचे थेंब व ज्वाला मात्र प्रमाणात लहान होत नाहीत. पूर किंवा आग दाखवावयाची असल्यास प्रतिकृती शक्य तितकी मोठी असणेच इष्ट. तसेच जवळची प्रतिकृती व दूरचा नट एकाच चौकटीत दाखविताना दोन्ही स्पष्ट दिसावीत म्हणून भिंगाचे छिद्र लहान ठेवावे लागते. साहजिकच प्रकाश पुष्कळ लागतो.

पारदर्शक भुताचे दृश्य त्यामानाने सोपे असते. कॅमेऱ्यासमोर ४५ अंशांत स्वच्छ काच उभी करतात आणि चौकटीबाहेर, काळ्या पडद्यापुढे नटाला उभे करून त्याच्यावर प्रकाश टाकतात. प्रकाश वाढवीत नेला की काचेतील प्रतिबिंब ‘प्रकट’ होते.

अल्प साधनांतील कल्पकतेचे डार्क स्टार (१९७४) हे बोलके उदाहरण होय. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात जॉन कार्पेंटर व डॅन ओबॅनन यांनी विद्यार्थी-प्रकल्प म्हणून तो १६ मिमी. फितीवर सुरू केला व पुढे पूर्ण लांबीचा केला. त्यातील परग्रहावरील प्राणी म्हणजे रंगविलेला समुद्रकिनाऱ्यावरचा चेंडू आणि त्याला जोडलेले पंजे. उद्वाहकाच्या उभ्या बोगद्यातील थरार बोगदा आडवा बांधून साधला आहे. चेंडू चेंडूच दिसतो. पण चित्रपट विनोदी असल्याने ते खपून जाते. बोगद्याचे दृश्य मात्र खरोखर फसविते, कारण तेथे नटाचे शरीरच भार पेलत असल्याचा अभिनय करते. ओबॅनन यांनी पुढे परग्रहवासीयाची हीच कल्पना एलियन (१९७९) या भयपटाच्या पटकथेत गंभीरपणे वापरली.

फुटणाऱ्या खिडकीसाठी साखरेचा पाक आटवून ओतलेल्या पातळ तावदानांचा उपयोग करतात. ती हवेतील ओल शोषून चिकट व मऊ होतात. मुंबई-कोकणातील पावसाळ्यात ती चित्रणाच्या दिवशीच ओतावी लागतात व नटावर वापरण्यापूर्वी एक फोडून पाहावे लागते. धुक्यासाठी वापरलेल्या शुष्क बर्फातून निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत जमिनीलगत साचतो. जमिनीवर झोपलेल्या नटाला त्यामुळे गुदमरण्याचा धोका असतो. धुळीचा लोट म्हणून उधळलेले पीठ ज्योतीजवळ स्फोटक ठरते. असे दृश्य उघड्यावर, ज्योतीपासून दूर चित्रित करतात. ते शक्य नसल्यास पटकथेतून वगळतात.