चौघांची चौकडी आणि नवे संगीत

चौकडी म्हटली की आपल्याकडे आधी 'चांडाळ' हे विशेषण आठवते. आज आम्ही ज्या चौकडीविषयी सांगणार आहोत ती मात्र वादकांची आहे. दोन व्हायोलिने, एक व्हायोला आणि एक चेलो. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचीच थोरली बहीण, आवाजाने खर्जाकडे झुकलेली. चेलो त्याहून मोठा, बसून गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचा. या मेळाला 'स्ट्रिंग क्वार्टेट' म्हणतात. त्यात छडी हालवणारा संचालक नसतो. कोणी पुढे यायचे, कोणी मागे सरायचे, हे चौघांनीच एकमेकांकडे पाहून सांभाळायचे. कामगार संघटनेत आयुष्य घातलेल्या आमच्यासारख्याचे लक्ष या प्रकाराकडे प्रथम वेधले ते याच कारणाने.

परंतु हा प्रकार वाढला सरदारांच्या दिवाणखान्यात. त्याला घाट देणारा हायडन एस्टरहाझी या उमराव घराण्याचा चाकर होता. १७६१ च्या करारान्वये त्याला घराण्याचा गणवेश घालावा लागे आणि धन्याच्या परवानगीवाचून दुसऱ्या कोणासाठी रचना करता येत नसे. पुढे धनी गेले, तिकीट काढणारा श्रोता आला. पण बहुतेक मैफली जुन्या थोरांच्या रचनांभोवतीच फिरत राहिल्या. नवे कोणी मागत नाही म्हणून लिहिले जात नाही, आणि लिहिले जात नाही म्हणून ऐकणाऱ्याचा कान तयार होत नाही, असे ते चक्र.

अमेरिकेतील क्रोनोस क्वार्टेटने हे चक्र फोडण्याचे काम पन्नास वर्षे केले. १९७३ साली डेव्हिड हॅरिंग्टन या तरुण व्हायोलिनवादकाने रेडिओवर जॉर्ज क्रम्ब यांची 'ब्लॅक एंजल्स' ही रचना ऐकली. व्हिएतनामच्या युद्धकाळात, १९७० साली लिहिलेली ही रचना. तीत वाद्यांचा आवाज विजेने वाढवलेला असतो, वादक मध्येच शब्द उच्चारतात, पाणी भरलेल्या काचेच्या पेल्यांवर गज फिरवतात. आपल्या जलतरंगात काडीने आघात करतात, येथे घर्षण. आपल्या काळाचे दुःख या चार वाद्यांतून बोलू शकते, हे हॅरिंग्टन यांना पटले आणि त्याच वर्षी सिअॅटल येथे त्यांनी मंडळी उभी केली.

पहिली रचना त्यांनी आपले शिक्षक केन बेन्शूफ यांच्याकडून करवून घेतली. मोबदला काय? पिशवीभर डोनट! आम्ही मजुरीच्या वाटाघाटींत पुष्कळ बसलो आहोत, पण असा दर ऐकला नव्हता. तरी यातले तत्त्व मोलाचे आहे: हयात रचनाकाराकडे जायचे, काम मागायचे आणि त्याचे मोल द्यायचे. मंडळी सॅन फ्रान्सिस्कोला स्थिरावली. १९७८ पासून हॅरिंग्टन, जॉन शेर्बा, हँक डट आणि चेलोवादक जोन जानरेनो हे चौघे एकवीस वर्षे एकत्र राहिले. मंडळीने आजवर हजाराहून अधिक रचना लिहवून वा बांधून घेतल्या आहेत.

त्यांतील स्टीव्ह राइख यांची १९८८ ची 'डिफरंट ट्रेन्स' आम्हांला विशेष वाटते. राइख बालपणी, महायुद्धाच्या काळात, न्यूयॉर्क ते लॉस एंजलिस असा आगगाडीने प्रवास करीत. ते ज्यू. त्याच वर्षांत युरोपात असतो तर आपल्याला वेगळ्याच गाड्यांत चढवले असते, हा या रचनेमागचा विचार. त्यांनी नाझींच्या छळातून वाचलेल्यांच्या बोलण्याची ध्वनिमुद्रणे जमवली, आणि झोपण्याच्या डब्यांत नोकरी केलेल्या एका निवृत्त पोर्टरचे बोलणे स्वतः ध्वनिमुद्रित केले. माणूस बोलतो तेव्हा आवाजात जी चढउतार असते, तीच सुरावट म्हणून वाद्ये उचलतात. रेल्वेच्या नोकराचे साधे बोलणे असे मैफलीत येऊन बसले.

येथे एक रास्त शंका येते. चार परदेशी वाद्ये जगभरचे संगीत घेतात, तेव्हा मूळ धन्याला काय मिळते? १९९२ च्या 'पीसेस ऑफ आफ्रिका' या मुद्रिकेसाठी आफ्रिकी रचनाकारांनीच रचना दिल्या, आणि काहींनी स्वतः साथही केली. २००५ साली राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांची मुद्रिका निघाली. तीत सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले स्वतः गायल्या आणि तबल्यावर झाकिर हुसेन बसले. उसनवारीपेक्षा भागीदारी म्हणावी असा हा व्यवहार. २०२० मध्ये पीट सीगर यांच्या स्मरणार्थ केलेल्या मुद्रिकेत केंटकीच्या खाणकामगारांच्या लढ्यातील गाणे आहे. फ्लॉरेन्स रीस यांनी ते १९३१ मध्ये लिहिले. त्यांचे पती युनियनचे संघटक होते. त्याच मुद्रिकेत 'रघुपति राघव'ही आहे.

२०१५ पासून या मंडळीने पन्नास रचना नव्या वादकांसाठी लिहवून घेण्याची योजना आखली, स्त्रिया आणि पुरुष समसमान धरून. झाकिर हुसेन यांचीही एक रचना त्यांत आहे. त्यांची स्वरलिपी कोणालाही विनामूल्य मिळते. हायडनच्या करारापासून येथवर आलेले अंतर आपणच मोजावे.

२०२४ साली शेर्बा आणि डट निवृत्त झाले, त्यांच्या जागी नवे वादक आले. संघटनेची खरी परीक्षा जुने लोक उठून गेल्यावर होते, हे आम्ही अनुभवाने जाणतो. आपल्या गावातही व्हायोलिन शिकणारी मुले असतील. त्यांना त्या विनामूल्य कागदांची माहिती कोणी तरी द्यावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.