मल्लपुत्र गामा

कुस्ती हा आज एक खेळ समजला जातो. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील अनेक संस्थानांत मात्र तो एक पेशा होता. संस्थानिकांच्या पदरी जसे गवई व चित्रकार असत, तसे मल्लही असत. त्यांस दरबारातून वेतन मिळे, दूध, तूप व बदाम यांचा खुराक मिळे, आणि त्याच्या मोबदल्यात त्यांनी आखाड्यात आपल्या राजाचे नाव राखावे, एवढीच अपेक्षा असे. ऐकावयास हे काम सोपे वाटते. ते तसे नव्हते. मल्लाची पाठ मातीला लागली की त्याच्याबरोबर धन्याचीही मान खाली जाई, आणि अंगातली रग ओसरलेल्या मल्लास पोट भरण्याचे दुसरे साधन क्वचितच असे. असा हा पेशा बापाकडून मुलाकडे येई. कारण त्याचे शिक्षण बाल्यातच सुरू करावे लागते आणि ते घरच्या तालमीइतके चांगले अन्यत्र मिळत नाही. पुढे ‘गामा’ या नावाने विख्यात झालेला गुलाम महंमद बक्ष हा अशाच घरात वाढला.

गामाचा जन्म १८७८ साली पंजाबात, अमृतसरच्या परिसरातील एका काश्मिरी मुसलमान कुटुंबात झाला. त्याचे वडील महंमद अझीझ बक्ष हे मध्य हिंदुस्थानातील दतिया संस्थानच्या दरबारी मल्ल होते. मुलास मातीचा परिचय त्यांच्यामुळेच झाला. पण तो सुमारे सहा वर्षांचा असतानाच ते वारले. पित्याने मागे काही धनदौलत ठेवली नव्हती, आणि दरबारातील त्यांची जागाही सहा वर्षांच्या पोरास मिळणे शक्य नव्हते. त्यांनी ठेवली होती ती माणसे. गामाचा आजा नून पहिलवान याने त्यास जवळ घेतले. तोही लवकरच निवर्तला, तेव्हा इदा पहिलवान या मामाने मुलाच्या शिक्षणाचा भार उचलला. बापाने अर्धवट सोडलेले काम आपण पुरे करू, अशी त्याची प्रतिज्ञा होती. गामा आणि त्याचा धाकटा भाऊ इमामबक्ष हे दोघेही या तालमीत तयार झाले.

या शिक्षणाचे पहिले फळ १८८८ साली जोधपूर येथे दिसले. तेथील महाराजांनी बैठकांची एक स्पर्धा ठेवली होती, आणि तीत चारशेहून अधिक मल्ल उतरले होते. एकामागून एक पहिलवान दमून बाजूस होऊ लागले. शेवटी पंधरा जण उरले, आणि त्यांत हा दहा वर्षांचा मुलगा अजून बैठका काढतच होता! महाराजांनी त्याचे वय लक्षात घेऊन त्यासच विजयी ठरविले. या प्रसंगानंतर दतियाच्या महाराजांनी त्याच्या शिक्षणाची व्यवस्था केली. बापाच्या धन्याचा आश्रय मुलास मिळाला तो असा. वारसा म्हणून नव्हे, तर पायांतील बळ दाखवून.

तरुणपणी गामा दररोज सुमारे चाळीस जोडीदारांशी लढत घेई; हजारो बैठका आणि हजारो जोर काढी. त्याच्या बळाविषयी ज्या गोष्टी सांगितल्या जातात, त्या सर्वच अक्षरशः खऱ्या मानण्याचे कारण नाही. बडोद्याच्या वस्तुसंग्रहालयात एक प्रचंड शिळा ठेवलेली आहे. गामाने ती २३ डिसेंबर १९०२ रोजी उचलली, असे तीवर लिहिले आहे. तिचे वजन सुमारे १,२०० किलोग्रॅम सांगतात. एवढा भार एकट्या माणसाने पेलला, यावर विश्वास ठेवणे अवघड आहे. गायकवाडांच्या राजधानीतील लोकांस त्या चोवीस वर्षांच्या मल्लाच्या शक्तीचे केवढे नवल वाटले असेल, हे मात्र त्या शिळेवरून कळते.

गामाची खरी कसोटी पाहिली ती रहीमबक्ष सुलतानीवाला या मल्लाने. गामा सतरा वर्षांचा असताना त्याने रहीमबक्षास आव्हान दिले. रहीमबक्ष हा त्या काळचा देशातील अग्रगण्य मल्ल होता. वयाने तो प्रौढ आणि उंचीने जवळजवळ सात फूट होता. गामाची उंची पाच फूट सात इंचांच्या आसपास होती. कित्येक तास चाललेली ही कुस्ती अखेर बरोबरीत सुटली. तेव्हापासून गामाचे नाव सर्वतोमुखी झाले. पुढील काही वर्षांत त्याने देशातील बहुतेक नामांकित मल्लांस चीत केले. रहीमबक्ष तेवढा राहिला होता.

१९१० साली गामा व इमामबक्ष लंडनला गेले. तेथे निराळ्याच अडचणीशी गाठ पडली. गामाचा ठेंगणा बांधा पाहून त्यास स्पर्धेत प्रवेशच मिळेना. तेव्हा त्याने जाहीर केले, की कोणत्याही वजनाच्या तीन मल्लांना आपण अर्ध्या तासात पाडू. लोकांस ती बढाई वाटली आणि कोणी पुढे आले नाही. शेवटी ऑगस्ट महिन्यात रोलर हा अमेरिकन मल्ल त्याच्याशी लढावयास उभा राहिला. रोलर हा पेशाने डॉक्टरही होता. गामाने त्यास प्रथम १ मिनिट ४० सेकंदांत आणि दुसऱ्या खेपेस ९ मिनिटे १० सेकंदांत चीत केले. दुसऱ्या दिवशी त्याने आणखी बारा मल्लांस हरविले, आणि मग स्पर्धेचे दार उघडले. इमामबक्षानेही स्वित्झर्लंडच्या जॉन लेम यास थोड्याच मिनिटांत दोनदा पाडले.

गामाची मोठी कुस्ती पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्को याच्याशी १० सप्टेंबर १९१० रोजी ठरली. विजयी मल्लास २५० पौंड आणि ‘जॉन बुल’ पट्टा मिळावयाचा होता. ही कुस्ती समजण्यास एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. आपल्याकडे कुस्ती मोकळ्या मातीत होते, आणि प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लावली की निकाल लागतो. तेथे ती गादीवर होत होती, आणि दोन्ही खांदे गादीला टेकवल्याखेरीज निकाल लागत नसे. म्हणून एखादा वजनदार मल्ल गुडघे व हात टेकून ओणवा बसला आणि अंग चोरून गादीला चिकटून राहिला, तर त्यास उलथणे फार कठीण जाते. झिबिस्कोने तेच केले. पहिल्या मिनिटातच गामाने त्यास खाली आणले. त्यानंतर अडीच तासांहून अधिक वेळ तो बहुतांशी तसाच राहिला. गामा त्याच्या भोवती फिरे, बगलेत हात घाली, मान दाबी, पाय ओढी; तो अजस्र देह काही उलटेना. कुस्ती अनिर्णित ठरली आणि पुढील शनिवारी पुन्हा खेळावी असे ठरले. १७ सप्टेंबरला गामा आखाड्यात हजर झाला. झिबिस्को आलाच नाही. पट्टा गामास देण्यात आला. त्या काळचे इतर प्रसिद्ध मल्ल, अमेरिकेचा फ्रँक गॉच आणि रशियाचा हॅकेनश्मिट, यांसही गामाने आव्हान दिले होते. पण त्यांच्याशी त्याची कुस्ती कधीच झाली नाही. पराधीन देशातील लोकांस या विजयाने किती हर्ष झाला असेल, हे सांगावयास नको.

परत आल्यावर अलाहाबाद येथे गामा व रहीमबक्ष पुन्हा भिडले. या वेळी गामा विजयी ठरला आणि त्यास ‘रुस्तुम-ए-हिंद’ ही पदवी मिळाली. रहीमबक्षाविषयी त्याच्या मनात आदर कायम होता. आपला सर्वांत बलवान प्रतिस्पर्धी कोण, असे विचारले असता तो त्याचेच नाव घेई. याच सुमारास, १९१२ साली, कोल्हापुरास शाहू छत्रपतींनी बांधलेल्या खासबाग मैदानात इमामबक्षाची कुस्ती झाली. बापाचा पेशा दोन्ही भावांनी असा देशभर नेला.

झिबिस्कोशी राहिलेला हिशेब पुरा होण्यास सतरा वर्षांहून अधिक काळ लागला. १९२८ च्या जानेवारीत पतियाळाच्या महाराजांनी दोघांची कुस्ती लावली. गामा आता पन्नाशीच्या घरात होता आणि झिबिस्कोही त्याच वयाचा होता. हजारो प्रेक्षक जमले. मात्र या वेळी खाली गादी नव्हती, माती होती. आणि एक मिनिट होण्यापूर्वीच झिबिस्कोची पाठ तीस लागली. आपल्या दीर्घ आयुष्यात गामा कोणत्याही मोठ्या कुस्तीत चीत झाला नाही.

१९४७ साली देशाची फाळणी झाली आणि गामा लाहोरात राहिला. तेथील दंगलीत आपल्या मोहल्ल्यातील हिंदू कुटुंबांच्या रक्षणासाठी तो उभा राहिला, अशी आठवण सांगतात. पण ज्या संस्थानिकांनी त्यास पोसले, त्यांची राज्येच आता राहिली नव्हती. दूध आणि बदाम यांचा खर्च कोणी द्यावा? आजाराने व द्रव्याच्या अडचणीने त्याचे अखेरचे दिवस कष्टात गेले. कुस्तीचे चाहते असलेले भारतातील उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांनी त्यास पैशाचे साहाय्य पाठविले. २३ मे १९६० रोजी लाहोर येथे गामाचा अंत झाला.

घराण्यातील पेशा पुढे इमामबक्षाच्या मुलांनी चालविला. त्यांपैकी भोलू पहिलवान नामांकित झाला. दुसरा मुलगा अक्रम याची गाठ १९७६ साली कराचीत जपानच्या अँटोनिओ इनोकीशी पडली; त्या लढतीत अक्रमचा हात जायबंदी झाला आणि तो हरला. तीन वर्षांनी, १९७९ साली, लाहोरात इमामबक्षाचा नातू झारा हा तरुण इनोकीपुढे उभा राहिला. पाच फेऱ्यांनंतरही निकाल लागला नाही, तेव्हा इनोकीनेच झाराचा हात धरून तो सर्वांसमक्ष उंच केला.