बूम प्लेसरचे चार पाय

गेल्या वैशाखात आम्ही काही विद्यार्थ्यांसह कळंबास एका घराचा स्लॅब पडताना पाहावयास गेलो होतो. नेरळहून येणाऱ्या रस्त्यालगत, भातखाचरात मुरुमाचा भराव घालून ते घर उभारलेले आहे. पाऊस तोंडावर आलेला, मालकास घाई, मिक्सर गाड्या रस्त्यावर खोळंबलेल्या. आणि बूम प्लेसरचा चालक हातात काठी घेऊन शौचालयाच्या नव्या खड्ड्याची खोली मोजीत होता! मालक चिडले, मुले हसली. आमचाही धीर सुटत चालला होता, हे कबूल केले पाहिजे. अखेर त्याने गाडी तेथून हलवून रस्त्याच्या अंगास घेतली. त्याने असे का केले, हे मुलांनी विचारले, म्हणून हा लेख.

बूम प्लेसर म्हणजे ट्रकवर बसविलेला कॉंक्रीटचा पंप व त्यास जोडलेला घडीचा लांब हात. काठीच्या टोकास पाण्याचा तांब्या बांधून ती आडवी धरून पाहा. तांब्या तोच असतो, पण काठी लांबली की मनगट पिळवटते. या हातावरील नळीचा व्यास साधारणतः 125 मिलिमीटर असतो. तिच्या एका मीटरात सुमारे 30 किलो कॉंक्रीट मावते. हात 36 मीटरांचा असेल, तर नळीतच एक टनाहून अधिक भार झाला. हाताचे पोलाद निराळेच. ट्रकचा सांगाडा ओझे वाहण्यासाठी घडविलेला असतो, असा पीळ सोसण्यासाठी नव्हे. म्हणून चार पाय बाहेर काढून जमिनीवर टेकवितात. कामगार त्यांस जॅक म्हणतात. त्यांवर गाडी उचलली म्हणजे चाके व कमानी यांवरचा भार निघतो.

परंतु हात ज्या बाजूस वळेल, त्या बाजूच्या पायावर गाडीचे बहुतेक वजन येते. समजा, एका पायावर 16 टन आले व त्याची पाटी 40 सेंटिमीटर चौरस आहे. मग दर चौरस मीटरास 100 टनांचा दाब झाला. भातखाचराची माती तो कशी सोसणार? तीच पाटी एक मीटर चौरस जाड फळ्यांवर ठेविली, तर दाब 16 टनांवर येतो. खड्ड्याजवळ फळ्याही पुरत नाहीत, कारण माती बाजूने ढासळते. जमीन घट्ट असल्यास खड्ड्याच्या खोलीइतके अंतर राखावे, भुसभुशीत भरावात दुप्पट. तो खड्डा सात फूट होता. पाय जेमतेम चार फुटांवर येत होता.

जागा नाही म्हणून पाय अर्धेच काढणे व हात मात्र चहूकडे फिरविणे, हा तर उघड धोका. गाडी तीन अंशांहून अधिक कलू नये, असा सामान्य दंडक आहे. एक पाय खचला की सांगाड्यास पीळ पडतो. शिवाय पंपाच्या प्रत्येक ठोक्यास हात हिसका खातो व वर्षानुवर्षे जोडांत बारीक भेगा पडतात. त्या डोळ्यांस सहसा दिसत नाहीत, म्हणून जाणत्याकडून तपासणी हवी.

विजेच्या तारांपासून हात पुष्कळ दूर असावा. उच्च दाबाची वीज स्पर्शावाचूनही झेप घेते. पंप सुरू होताना नळीत कोंडलेली हवा सुटली की टोकाचा रबरी पाइप फटका मारतो; तो धरणाराने तेव्हा दूर राहावे. आमची मुले नेमकी हाताखाली उभी होती. चालकाने त्यांस दटावून कुंपणापलीकडे धाडले.

सायंकाळी जॅक वर घेतल्यावर आम्ही फळ्या उचलून पाहिल्या. रस्त्याच्या कठीण अंगासही जमीन दोन बोटे दबली होती.