जुनी मोटार आणि भंगार

मुंबईस हॉर्निमन सर्कलपाशी जुन्या मोटारींचा मेळा भरत आला आहे. मागे एकदा आम्ही वणीहून दहाबारा मुलांस घेऊन तो पाहावयास गेलो होतो. पितळी दिवे, लाकडी आऱ्यांची चाके, बॉनेटच्या टोकाशी पंख पसरलेली मूर्ती, हे सर्व पाहून मुले हरखून गेली. परतताना मात्र एकाने विचारले, "सर, आमच्या आजोबांची जीप 1978 सालची आहे. तिला न्यायला भंगारवाला येतो. मग ह्या गाड्यांना हार का?"

प्रश्न मोठा मार्मिक होता. त्याचे उत्तर येथे देण्याचा यत्न करितो.

ह्या छंदातील मंडळी साधारणतः 1919 ते 1930 ह्या काळातील मोटारीस 'व्हिंटेज' म्हणतात व पुढील काळातील निवडक गाड्यांस 'क्लासिक'. परंतु नावापेक्षा त्यांची यंत्ररचना पाहण्यासारखी असते. आरंभीच्या गाड्या पुढून हँडल मारून सुरू कराव्या लागत. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटे फिरे, हँडल झटका देई आणि मारणाऱ्याचे मनगट मोडे. म्हणून ठिणगी उशिरा पडावी अशी तजवीज करूनच हँडलला हात लावावयाचा असे. 1912 साली कॅडिलॅक गाडीत विजेचा स्टार्टर आला, तेव्हा हे संकट टळू लागले.

आता दुर्मीळपणाविषयी. काही मोटारी मुळातच थोड्या घडल्या. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी 'मीरा' नावाची छोटी मोटार स्वतः तयार केली. 1949 पासून 1975 पर्यंत तिचे नमुने ते सुधारीत राहिले, तथापि ती कारखान्यातून कधीच बाहेर पडली नाही. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या घराण्यातील मेबॅक गाडी दसऱ्याच्या मिरवणुकीत निघते. राजवाड्यात जागा होती, निगा राखणारे हात होते, म्हणून ती टिकली. उलट कुर्ल्याच्या कारखान्यातील पद्मिनी पाहा. मुंबईच्या रस्त्यांवर ती इतकी होती की तिच्याकडे कोणी वळून पाहत नसे. 2023 च्या ऑक्टोबरअखेर तिची शेवटची काळीपिवळी टॅक्सी सेवेतून गेली. जे सर्वत्र असते ते जपावे असे कोणास वाटत नाही. आमच्या मते सामान्य मोटारी नाहीशा होण्याचे मुख्य कारण हेच होय.

2021 साली केंद्र सरकारने ह्या गाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे झालेल्या दुचाकीस वा चारचाकीस 'व्हीए' अक्षरांची खास पाटी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये आहे आणि रोजच्या कामास किंवा भाड्याने ती गाडी वापरता येत नाही. मुख्य अट अशी की चेसिस, बॉडी व इंजिन ह्यांत मोठा फेरफार झालेला नसावा. खासगी गाडीची पहिली नोंदणी मात्र 15 वर्षांचीच असते. तेथून पन्नाशीपर्यंतची 35 वर्षे ती गाडी घरच्यांच्या दृष्टीने अडगळ असते, आणि भंगारवाला येतो तो ह्याच काळात.

आमच्या विद्यार्थ्याच्या जीपची पन्नाशी 2028 साली भरावयाची आहे. अडचण इंजिनाची आहे. पेट्रोल परवडेना म्हणून आजोबांनी तीत डिझेल इंजिन बसविले होते. त्या काळी कित्येकांनी असेच केले आणि द्राक्षे-टोमॅटो वाहणाऱ्या शेतकऱ्यास त्यात दोष कसा द्यावा? जुने इंजिन विकले गेले असावे, असे वडील म्हणाले. आजीने मात्र कांद्याच्या चाळीकडे बोट केले.

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही व मुले तिकडे गेलो. गोण्यांखाली इंजिन निघाले. ते जाम झाले होते. चौघांनी जोर लावूनही तसूभर फिरेना. प्लग काढून आत रॉकेल ओतून ठेविले आहे. भंगारवाल्यास वडिलांनी दिवाळीनंतर या म्हणून सांगितले.