पदरावरची माती

दिवाळीत ठाण्यातल्या कोपरीच्या चाळींत, सोसायट्यांत मुलं किल्ले करतात. कोरडी माती उभी राहत नाही, म्हणून ती कालवून घेतात. ओल्या मातीचा कडा हात काढला तरी टिकतो. कुणी तांब्याभर पाणी जास्त ओतलं, की तोच कडा पायथ्याच्या मावळ्यांवर येऊन बसतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाचा उतार असाच सुटला. खाली ठाकर आदिवासींची इर्शाळवाडी होती.

२७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसं सापडलीच नाहीत; २३ जुलैला शोध थांबला. वाडीला रस्ता नव्हता. कोपरी-पाचपाखाडीचे आमदार, तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनाही पायीच चढावं लागलं. मोठी यंत्रं वर नेता येईनात, खराब हवेमुळे हेलिकॉप्टर उडेना. चिखल हातांनी उपसावा लागला. आणि दरडप्रवण गावांच्या यादीत वाडीचं नाव नव्हतं. मला हेच सर्वांत जास्त सलतं, कारण सह्याद्रीत वस्ती आणि दरड यांचं मूळ एकच आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत सह्याद्रीचा कातळ तयार झाला. कठीण थराचा उभा कडा राहतो, मऊ थर झिजून पायरी होते. तिला आपण डोंगराचा पदर म्हणतो. कड्यावरून सुटलेले दगड, मुरूम, माती हजारो वर्षं या पदरावर साठतात. भेगांत झिरपलेलं पाणी झरा होऊन तिथेच फुटतं. जिथे माती आणि पाणी, तिथेच माणूस घर बांधणार. नाचणी पिकते ती माती बहुधा जुन्या दरडींचीच असते.

पावसाने माती निसरडी होते म्हणून ती घसरते, असं आपण समजतो. खरा खेळ दाबाचा आहे. मातीचे कण एकमेकांवर रेलून असतात आणि त्यांच्या घर्षणावर उतार उभा असतो. थोडं पाणी या कणांना धरून ठेवतं. पोकळ्या काठोकाठ भरल्या, की तेच पाणी कणांना आतून रेटतं, त्यांची एकमेकांवरची पकड सुटते. खालचा कातळ पाणी लवकर जिरू देत नसेल, तर दाब चढतच जातो. इर्शाळवाडीच्या परिसरात तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस झाला होता, म्हणजे दर चौरस मीटरवर जवळजवळ अर्धा टन पाणी.

दरडी कोसळल्याच्या तारखा पाहा. माळीण ३० जुलै २०१४, मृत १५१. गाव दिसेना म्हणून एसटीच्या चालकाने खबर दिली. महाडजवळचं तळिये २२ जुलै २०२१. खाडीपलीकडे आपल्या कळव्यात, घोलाईनगरला दरडीखाली पाच जण गेले ते १९ जुलै २०२१. जूनमध्ये माती पाणी पिऊन घेते. जुलैत तिच्यात जागा उरत नाही.

डोंगर बऱ्याचदा आधी खुणा दाखवतो. उताराला आडवी भेग पडते, झाडं कलतात, दारं चौकटीत अडकू लागतात, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होतं किंवा आटतं. भेगेच्या दोन्ही काठांवर खुंट्या ठोकून त्यांच्यातलं अंतर रोज टेपने मोजता येतं. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. पण इर्शाळवाडीवर उतार आला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते आणि पाऊस कोसळत होता. अशा अंधारात भेग दिसत नाही. तिथे वाडीतच बसवलेला पर्जन्यमापक हवा, आणि पाऊस ठरावीक रेषेवर गेला की झोपलेल्यांना उठवणारा भोंगा.