सभागृहातील आवाजाचा तोल

पेढीवरील तराजूचा काटा किंचित एका अंगास झुकला तरी गिऱ्हाईक हरकत घेते. सभागृहातील आवाजाचा काटा मात्र वर्षानुवर्षे झुकलेलाच असतो आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढीत नाही. पहिल्या रांगेतील मान्यवर कानांवर हात ठेवतात आणि शेवटच्या रांगेतील वडीलधारी मंडळी शेजाऱ्यास "काय म्हणाले?" असे विचारीत राहतात.

काही वर्षांपूर्वी येथील एका सभागृहात, त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, एका संस्थेच्या वार्षिक सभेस प्रस्तुत लेखक शेवटच्या रांगेत बसला होता. वर्गणी वाढविण्याचा ठराव वाचला गेला, हात वर करण्यास सांगण्यात आले आणि आमच्या रांगेने पुढच्यांचे पाहून हात वर केले. सभा संपल्यावर एक वृद्ध गृहस्थ मजजवळ येऊन म्हणाले, "सत्कार कोणाचा ठरला हो?" ठराव एकमताने संमत झाला होता! पुढल्या वर्षी चालकांनी दुप्पट शक्तीचा अॅम्प्लिफायर आणला. तक्रार तशीच राहिली, आणि पुढच्या रांगांची एक नवी तक्रार तीत भर म्हणून आली.

असे का व्हावे? आवाजाचा हिशेब आपल्या खतावणीसारखा सरळ बेरजेचा नाही. शंभर वॅटचे दोनशे वॅट केले तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, आणि तेवढी वाढ कानास जेमतेम जाणवते. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटावा असे वाटत असेल तर सुमारे १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती हवी. उलटपक्षी, वक्त्याने माइक तोंडापासून एक फुटावर धरण्याऐवजी अर्ध्या फुटावर धरला तर ६ डेसिबल फुकटात मिळतात. चौपट अॅम्प्लिफायरचे काम अर्ध्या फुटाने होते, हे व्यापाऱ्यास निराळे समजावून सांगणे नलगे.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. कर्ण्यापासून एक मीटरवर ८० असेल तर दोनवर ७४, चारवर ६८, आठवर ६२. बंद दालनात भिंती काही आवाज परत देतात म्हणून तो इतका उतरत नाही; परंतु परत आलेला आवाज मूळ शब्दांवर शब्द चढवतो आणि आवाज मोठा असूनही अर्थ कळेनासा होतो. हा भेद पाहण्यास भोपाळकरांस दूर जावयास नको. श्यामला टेकडीवर चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या आणि १९८२ साली उघडलेल्या भारत भवनात 'अंतरंग' हे बंद नाट्यगृह आहे आणि 'बहिरंग' हे उघडे रंगस्थळ मोठ्या तलावाकडे तोंड करून आहे. बंद दालनात जुळवलेले कर्णे जसेच्या तसे उघड्यावर नेऊन ठेवले तर मागच्या पायऱ्यांवरील श्रोत्यांची निराशाच व्हावयाची, कारण तेथे आवाज परत देण्यास छत नाही.

तेव्हा मागे आणखी कर्णे लावावेत, हा विचार साहजिकच सुचतो, आणि तो योग्यही आहे. मात्र त्यात एक मेख आहे. तारेतील संदेश क्षणात मागच्या कर्ण्यापर्यंत पोहोचतो, तर रंगमंचाजवळच्या कर्ण्याचा आवाज हवेतून सेकंदास सुमारे ३४४ मीटर या वेगाने चालत येतो. वीस मीटरचे अंतर असेल तर त्यास ५८ मिलिसेकंद लागतात. मागे बसलेला श्रोता तोच शब्द आधी डोक्यावरून आणि मग पुढून ऐकतो. दोन कारकुनांनी एकच यादी मागेपुढे वाचावी तसे होते. १९४९ साली जर्मनीत गॉटिंगेन येथे हेल्मुट हास यांनी प्रयोगांनी दाखवून दिले की, दुसरा आवाज पहिल्यामागून थोडक्या, साधारण तीस मिलिसेकंदांच्या आत आला तर कान दोन्हींस एकच समजतो, आणि दुसरा काहीसा मोठा असला तरी आवाज पहिल्याच दिशेने आला असे मानतो. म्हणून मागच्या कर्ण्यास हिशेबाने उशीर लावावयाचा: ५८ मिलिसेकंद, आणि वर दहापंधरा अधिक. मग मागच्या रांगेतील आजीबाईंसही वक्ता रंगमंचावरूनच बोलत आहे असे वाटते. भोपाळच्या मे महिन्यात उष्ण हवेने ध्वनीचा वेग वाढतो आणि जानेवारीत कमी होतो, परंतु वीस मीटरांत हा फरक तीनएक मिलिसेकंदांचाच. त्याची चिंता नको.

तोल साधण्याची रीत कंटाळवाणी आहे, कठीण नाही. सर्व कर्णे बंद करून एकच चालू ठेवावा, त्यातून धबधब्यासारखा अखंड एकसुरी आवाज सोडावा, आणि त्या कर्ण्याच्या वाट्याच्या खुर्च्यांवर बसत्या माणसाच्या कानाच्या उंचीवर माप घ्यावे. मोबाइलमधील ध्वनिमापक अचूक नसतो, पण एका खुर्चीची दुसरीशी तुलना करण्यास तो पुरतो. याप्रमाणे एकेक कर्णा कमीजास्त करीत सर्व खुर्च्यांवरील आकड्यांत ३ डेसिबलहून अधिक अंतर राहू देऊ नये. पुष्कळदा यात वाढवण्याऐवजी पुढचे कर्णे कमीच करावे लागतात, आणि तेथेच मान्यवरांपुढे चालकांचे धैर्य खचते! दोन कर्ण्यांच्या हद्दी जेथे मिळतात तेथे ७० आणि ७० मिळून १४० होत नाहीत, ७३ होतात. शेवटी पंखे चालू करून पाहावे. भाषण त्यांच्या गोंगाटाहून पंधराएक डेसिबल वर असले म्हणजे शब्द स्पष्ट कळतात.

एक अडचण राहतेच. रिकाम्या दालनात घेतलेले माप भरल्या दालनात खरे ठरत नाही, कारण माणसांची अंगे आणि वस्त्रे आवाज शोषून घेतात. म्हणून सभा सुरू झाल्यावर पहिल्या भाषणाच्या वेळी कोणी तरी उठून शेवटच्या रांगेत जाऊन बसावे आणि यंत्रापाशी बसलेल्या माणसास हाताने खूण करावी. आमच्या त्या सभेत हे काम कोणाकडेच नव्हते. यंत्र चालविणारा पडद्याआड बसला होता, आणि तेथे त्यास सारे उत्तम ऐकू येत होते.